शस्त्रक्रिया आणि घरची माणसे
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

गणपतीपुढे ऑपरेशनचा विषय काढायला आम्हाला जरा संकोच वाटला. पण कार्यकारिणीतल्या निम्म्या लोकांचे गुडघे दुखतात, तेव्हा आग्रह समजण्यासारखा आहे!

आम्ही सरकारी दवाखान्यात भूल विभागात टेक्निशियन आहोत, डॉक्टर नव्हे. सुरुवात आपल्याच गावापासून करतो. १८८८ आणि १८८९ साली इथे दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तेव्हा आधी काय थांबते, श्वास की हृदय, हा वाद होता. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी श्वासाच्या बाजूचे. निजाम सरकारने एक हजार पौंड दिले, लंडनहून लॉडर ब्रंटन आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि लॉरींचे म्हणणे मान्य झाले. पुढे १९११ मध्ये लेव्ही यांनी दाखवले की क्लोरोफॉर्म थेट हृदयालाही दगा देऊ शकतो. म्हणजे हैदराबादचा निष्कर्ष अर्धाच खरा ठरला. पण रोग्याच्या श्वासावरून नजर हलवायची नाही, ही शिस्त आजही आमच्या कामात पहिली. त्याच काळात इथे क्लोरोफॉर्म देणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ मानल्या जातात. अफझलगंजवरून जाताना त्यांची आठवण ठेवावी.

टेबलावर रोग्याला सांभाळणारे पुष्कळ असतात. खरी पडझड आधी आणि नंतर होते, आणि तिथे आपण घरचे असतो. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात हेच धरले: रोग्याला कमी उपाशी ठेवा, दुखणे नीट आवरा, लवकर खाऊ घाला, लवकर चालवा. मोठ्या ऑपरेशननंतरही माणसे लवकर घरी जाऊ लागली.

आता आमच्याच घरचे सांगतो. वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी उठवायला सांगितले होते. आम्ही रोज हेच काम पाहणारे, पण आई म्हणाली, "टाके तुटतील, पडू दे त्यांना." काकूंनीही तेच म्हटले आणि आम्ही गप्प बसलो. पाच दिवस चमच्याने पेज पाजली, खोकला आला की पोट दुखते म्हणून खोकूही दिले नाही. सहाव्या दिवशी ताप चढला, छातीत कफ साठलेला. पुन्हा दवाखाना, पुन्हा सलाइन. वडील बरे झाले, पण पूर्वीसारखी बाजाराची पिशवी उचलायला दोन महिने गेले. ऑपरेशनात काही चुकले नव्हते. चूक आमच्या मायेची होती.

म्हणून तारीख ठरली की बिडी-सिगारेट त्याच दिवशी बंद. चार आठवडे आधी झाली तर फार उत्तम. रक्त कमी असेल, साखर वाढलेली असेल तर ती आधी सुधारून घ्या. रोज थोडे चाला, दीर्घ श्वास घ्या. उपाशी राहण्याचा घोळ सर्वांत मोठा. साधारणपणे जेवण सहा तास आधी बंद, साधे पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालते. काहींना हा नियम वेगळा असतो, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना नेमके विचारा आणि चालू औषधांची यादी त्यांच्या हातात द्या. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. एका आजींनी ऑपरेशनच्या सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, "उपवासाला चालते की!" म्हणून. ऑपरेशन पुढे ढकलावे लागले.

नंतर तीन चेंडूंचे ते प्लास्टिकचे यंत्र देतात, ते नातवंडांच्या खेळण्यात टाकू नका. चेंडू फुंकून नव्हे, श्वास आत ओढून वर न्यायचे. खोकताना पोटावर उशी दाबून धरा. दुखण्याची गोळी वेळेवर द्या, कारण दुखत असेल तर माणूस ना खोकतो ना उठतो.

आमच्या आईचे पित्ताशयाचे ऑपरेशन गेल्या वर्षी झाले. संध्याकाळी तिला धरून दारापर्यंत नेले, तेव्हा ती आमच्यावर फार चिडली होती. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून सुनेला आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगत होती.