प्रसूतीचा अनुभव आणि मातेची माया



बाळाचा पहिला टाहो कानी पडताच मातेच्या हृदयी वात्सल्याचा झरा वाहू लागतो, असे सर्वत्र मानले जाते. अनेकींच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु दीड दिवस कळा सोसून अखेरीस शस्त्रक्रियेने मोकळी झालेली एखादी पहिलटकरीण बाळाकडे पाहते, तेव्हा तिला हवी असते ती केवळ झोप. पुढे कित्येक दिवस ते मूल तिला परकेच वाटत राहते. ती हे कोणाजवळ बोलत नाही. बोलली तर 'हिला मायाच नाही' असा शिक्का बसेल, हे तिला ठाऊक असते. शिवाय 'हिने कळा कुठे सोसल्या?' हेही ऐकावे लागते. टाक्यांमुळे कूस बदलणेही अवघड झालेल्या स्त्रीला असे विचारणारी बहुधा दुसरी स्त्रीच असते, ही खेदाची गोष्ट होय.

प्रसूतीची आठवण मुलालाही चिकटते. 'हा फार छळून आला', 'ही अगदी सुखाने आली' ही वाक्ये घरोघरी वर्षानुवर्षे ऐकू येतात. पायांकडून जन्मलेले मूल तर आयुष्यभर 'पायाळू' म्हणूनच ओळखले जाते. कोणाची पाठ धरली की त्याला पाय लावायला बोलावतात, आणि आभाळात वीज कडाडली की घरात दडवतात. त्या मुलाचा यात काय अपराध? एकाच मातेच्या दोन मुलांतही हा भेद दिसतो. जिवावर बेतून झालेल्या मुलाला ती पंखाखालून सोडत नाही, आणि त्या मायेत भीतीचा अंश अधिक असतो. सुखाने झालेले मूल बिचारे आपले आपण वाढते.

वैद्यकशास्त्रानेही या प्रश्नाचा विचार केला आहे. अमेरिकेतील डॉ. मार्शल क्लाउस व डॉ. जॉन केनेल यांनी १९७२ साली २८ पहिलटकरणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी निम्म्या मातांना पहिल्या तीन दिवसांत बाळाचा सोळा तास अधिक सहवास दिला होता. महिन्यानंतर त्या बाळाला अधिक कुरवाळताना, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहताना आढळल्या. या विचाराचा लाभ असा की रुग्णालयांत बाळाला मातेजवळ ठेवण्याची रीत वाढली. हानी अशी की पहिला तास हुकला म्हणजे सारेच हुकले, असा समज पसरला. पुढील संशोधनात हा समज टिकला नाही.

त्याची प्रचीती कोलंबिया देशातील बोगोटा शहरी आली. तेथे १९७८ मध्ये डॉ. एडगर रे सॅनाब्रिया यांच्या रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या. म्हणून कमी वजनाची बाळे मातेच्या उघड्या छातीशी बांधण्यात आली. निरुपायाने निघालेला हा मार्ग 'कांगारू पद्धत' म्हणून जगभर गेला. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ ते १.८ किलोदरम्यानच्या बाळांना जन्मल्यापासूनच असे छातीशी धरले, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १५.७ ऐवजी १२ झाले. बाळाच्या जिवाबरोबर मातेचा धीरही वाढतो. पेटीपलीकडून नुसते पाहणारी ती आता स्वतः त्याला ऊब देत असते.

घरीही हेच करता येते. बाळंतविडा घेऊन येणारा प्रत्येकजण बाळाचे वजन विचारतो; बाळंतिणीला झोप लागली का, हे विचारणारा विरळा. तिला डिंकाचे लाडू द्यावेत, पण प्रसूतीत काय घडले ते तिच्या तोंडून एकदा शांतपणे ऐकूनही घ्यावे. पहिल्या काही दिवसांत रडू येणे स्वाभाविक आहे. मात्र ही उदासी दोन आठवड्यांनंतरही टिकली, तर तो आजार समजून तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावे. नवससायासांत वेळ दवडू नये. आणि रात्री बाळ रडले तर पित्याने उठावे. कांगारू पद्धतीत पित्याची छातीही चालते. तेवढ्यात मातेची दोन तास झोप होते, आणि जागी झाल्यावर ती बाळाला आपणहून मागून घेते.