खिडकीपाशी बसा, फोटो काढतो

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, फोटोग्राफीवर दहा मिनिटं बोला, पण सगळ्यांना करता येईल असं काहीतरी सांगा." ही अट मला आवडली. मी काही फोटोग्राफर नव्हे. छत्तीस वर्षं बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर हा छंद धरला. त्यामुळे मी कलेबद्दल बोलणार नाही, सरावाबद्दल बोलणार आहे.

कॅमेरा घेतला तेव्हा पहिला सल्ला मिळाला तो म्हणजे, "आता लडाखला जा." दुसरा, "काझीरंग्याला जा." आपण मुलुंड पूर्वेचे लोक. मिठागर रोड ओलांडून पुढे गेलं की खाडी आहे. तिथे दर हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. २०१५ साली ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हणजे जग पाहायला येतं ते आपल्या दाराशीच आहे. पण माझं म्हणणं त्याहूनही जवळचं आहे. आधी घरातला स्टीलचा तांब्या नीट टिपता येऊ द्या. फ्लेमिंगो पळून जात नाहीत, पुढच्या वर्षी परत येतात.

बँकेत नवीन मुलगा लागला की त्याला पहिल्या दिवशी कर्जाच्या फायली देत नसत. आधी व्हाउचर लावायला बसवायचे, मग लेजर, मग कॅश. एका वेळी एकच काम, आणि ते हातात बसेपर्यंत. मी स्वतःसाठी फोटोग्राफीचा अभ्यासक्रम असाच आखला. आठवड्याला एक गृहपाठ. शिक्षक मीच, विद्यार्थीही मीच, आणि छडी आमच्या सौभाग्यवतींकडे.

गृहपाठाचे नियम दोन. पहिला, आठवड्याला फक्त ३६ फोटो. आमच्या तरुणपणी ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये ३६ फोटो यायचे. ज्यांच्याकडे अ‍ॅगफा क्लिक थ्री होता त्यांना आठवत असेल, त्यात एका रोलचे फक्त १२ निघायचे. रोलचे पैसे, धुण्याचे पैसे, प्रिंटचे पैसे. बटण दाबण्याआधी माणूस दोनदा विचार करायचा. आता मोबाइलवर फोटो फुकट, म्हणून एका वाढदिवसाचे दोनशे निघतात आणि पुन्हा कोणी उघडूनही पाहत नाही. दुसरा नियम, रात्री हिशोब. वहीत तारीख, वेळ, काय टिपायचं होतं, काय आलं, एवढं लिहायचं. दिवसअखेर कॅश जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नव्हतो, तसंच हे.

आता माझे चार गृहपाठ सांगतो. चारही मोबाइलवर करता येतात.

पहिला गृहपाठ : एक वस्तू, बारा फोटो. टेबलावर तांब्या ठेवा. तांब्या हलवायचा नाही, आपण हलायचं. वरून, खालून, जवळून, उजेडाकडे तोंड करून, उजेडाकडे पाठ करून. पहिले चार फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. पाचव्यानंतर कंटाळा येतो. आठव्याच्या सुमारास तांब्याच्या पोटात खिडकीचं वाकडं प्रतिबिंब दिसायला लागतं, ते इतकी वर्षं तिथेच होतं. मुलांनो, हा गृहपाठ सुट्टीत नक्की करून बघा.

दुसरा गृहपाठ : पांढऱ्यावर पांढरं, काळ्यावर काळं. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीचा फोटो काढा. ती मळकट, राखाडी येते. लोखंडी तव्याचा काढा, तोही राखाडीच येतो. याचं कारण कॅमेऱ्याला चादर आणि तवा कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम उजेडाचं आहे असं धरून तो चालतो. म्हणून पांढऱ्याला उजेड थोडा वाढवून द्यायचा आणि काळ्याला थोडा कमी करायचा. मोबाइलवर चित्राला बोट लावलं की बहुतेक फोनमध्ये सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवायचं. एवढं कळलं की गणपतीत काढलेल्या फोटोंतली पांढरी रांगोळी पांढरी दिसेल.

तिसरा गृहपाठ : हलणारी गोष्ट. संध्याकाळी कंपाउंडमध्ये मुलं सायकली फिरवतात. शटरचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग ठेवला तर सायकल जागच्या जागी थिजते, चाकाची एकेक तार मोजता येते. वेग तिसाव्या भागावर आणला आणि सायकलबरोबर कॅमेराही हळूच फिरवत नेला, तर मुलगा स्पष्ट येतो आणि मागच्या गाड्या रेघांसारख्या पळताना दिसतात. दोन्ही फोटो खरेच. पण पोराला सायकल चालवताना जे वाटतं, ते दुसऱ्यात येतं. मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यात शटर हातात नसतं, त्यासाठी 'प्रो' नावाची सोय शोधा. मला ती नातवाने दाखवली.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण स्वतःच स्वतःला गृहपाठ घालणारा सर्वांत मोठा माणूस आपल्याच मुंबईत होऊन गेला. दादासाहेब फाळके. १९१२ साली त्यांनी लंडनहून सिनेमाचा कॅमेरा आणवला. सिनेमा काढायचा होता, पण पैसे नव्हते, आणि हे वेड कोणाला पटत नव्हतं. तेव्हा त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात बी रुजून त्याचं रोप झालं. 'अंकुराची वाढ' असं त्या चित्रफितीचं नाव. ती काही निवडक लोकांना दाखवली आणि त्यातून कर्ज उभं राहिलं. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. मी बँकेतला माणूस, त्यामुळे मला या गोष्टीचं जास्त कौतुक. वाटाण्याचं रोप दाखवून कर्ज मंजूर करून घेणारा अर्जदार माझ्या टेबलासमोर कधी आला नाही.

दादासाहेबांनी त्यासाठी हिमालय गाठला नाही. एक कुंडी, एक जागा आणि रोजची शिस्त. बालमित्रांनो, तुम्ही वाटाण्याऐवजी मेथी पेरा, ती लवकर उगवते. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून एक फोटो. पंधरा दिवसांनी ते एकापाठोपाठ एक सरकवून बघा.

आता चौथा गृहपाठ, आणि खरं सांगायचं तर त्यासाठीच मी आज उभा राहिलो आहे. हा गृहपाठ म्हणजे चेहरा.

गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीतली बरीच ज्येष्ठ मंडळी गेली. माझ्याकडे कॅमेरा असतो हे सगळ्यांना माहीत, म्हणून अशा वेळी रात्री-अपरात्री फोन येतो. "काका, आईचा एखादा चांगला फोटो आहे का तुमच्याकडे? पेपरात द्यायचाय." मी शोधायला बसतो. गणपतीच्या आरतीत ताम्हन हातात, चेहरा अर्धा धुरात. कोजागिरीला गच्चीवर दूध वाटताना, पाठमोऱ्या. हळदीकुंकवाच्या घोळक्यात मागे कुठेतरी. शेवटी कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून काढावा लागतो, आणि त्यात शेजारणीचा अर्धा खांदा आणि भरजरी पदर राहतोच. आपण हे फोटो पाहिले आहेत. भिंतीवर, हाराच्या आत, कोण्या भलत्याच बाईचा खांदा.

माझ्या आईचाही एकच फोटो माझ्याकडे आहे. माझ्या लग्नातला, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी. चेहरा मसुराच्या डाळीएवढा. मोठा केला की नुसते ठिपके दिसतात. तिच्या कपाळावर गोंदण होतं. मला ते आठवतं, पण माझ्या नातवंडांना मी ते दाखवू शकत नाही.

छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष यांचं 'चेहरे' हे पुस्तक आपल्यापैकी काहींनी पाहिलं असेल. त्यात नामवंत कलाकारांचे चेहरे आहेत. ते पाहताना माझ्या मनात आलं, एवढ्या निगुतीने आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे कोणी पाहिलंय का? म्हणून मी गृहपाठ घातला : सोसायटीतल्या साठीपुढच्या प्रत्येकाचा एक फोटो.

तंत्र अगदी सोपं आहे. ट्यूबलाइट बंद करा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास खिडकीपाशी खुर्ची ठेवा, खिडकी माणसाच्या बाजूला यावी, पाठीमागे नको. ऊन थेट पडत असेल तर पातळ पडदा ओढा. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. त्यासाठी गुडघे दुखत असले तर आपणही खुर्ची घ्या. मोबाइल फार जवळ नेऊ नका, नाक मोठं येतं. दोन पावलं मागे सरा आणि चित्र थोडं मोठं करा. रोज चष्मा लावत असतील तर चष्म्यासकटच काढा, फक्त काचेत खिडकी चमकली तर मान किंचित खाली घ्यायला सांगा. फोकस डोळ्यावर.

अवघड आहे ते पुढचं. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "आता कशाला फोटो?" या प्रश्नाचा अर्थ मला कळतो, कारण मीही पंच्याहत्तरीकडे झुकलोय. हा फोटो कुठे लागणार, हे त्यांच्या मनात आधी येतं. म्हणून मी फोटोचा विषयच काढत नाही. चहाला जातो. मेथी निवडत असतील तर दोन काड्या मीही निवडतो. गावाची, नोकरीची, पहिल्या लोकलची गोष्ट निघते. बोलता बोलता चेहरा सैल होतो, हात आपल्या कामाला लागतात. मग म्हणतो, "असंच खिडकीपाशी बसा, फोटो काढतो." तोपर्यंत त्यांना हरकत राहिलेली नसते. मागच्या तिन्ही गृहपाठांचा उपयोग इथे होतो. पांढरे केस पांढरे येतात, उजेड कुठून येतोय ते बघावं लागत नाही, बटणांकडे लक्ष जात नाही. लक्ष समोरच्या माणसाकडे राहतं.

आतापर्यंत असे २३ फोटो झाले. प्रत्येकाची प्रिंट काढून दिली आणि मागे पेन्सिलीने नाव व तारीख लिहिली, कारण मोबाइल हरवतात, बदलतात. प्रिंट कपाटात सापडते. त्या २३ पैकी दोन जण आज आपल्यात नाहीत. त्यांच्या घरून मला फोन आला नाही. फोटो घरात होता. त्यातल्या एकांच्या सूनबाईंनी नंतर जिन्यात थांबून सांगितलं, "काका, अण्णा फोटोत आम्हाला रागवायच्या बेतात असल्यासारखे दिसतात. अगदी तसेच होते." माझ्या वहीत त्या दिवसापुढे 'हिशोब जुळला' असं लिहिलंय.

एक निरीक्षण सांगतो, कोणी रागावू नका. घरात जी व्यक्ती सगळ्यांचे फोटो काढते, ती स्वतः एकाही फोटोत नसते. आणि कार्यक्रमाच्या दिवशी जी स्वयंपाकघरात असते, तीही नसते. आज घरी गेल्यावर आपापले अल्बम तपासा.

तर विनंती दोन. पहिली, इथल्या तरुण मुलामुलींना. मला जिने चढायला आता वेळ लागतो आणि यादी अजून बरीच बाकी आहे. प्रत्येकाने आपल्या मजल्यावरचे एक आजी किंवा आजोबा घ्यावेत. ३६ फोटोंची मर्यादा पाळा आणि त्यातला एक निवडा. दुसरी, ज्येष्ठांना. पोरं चहाला आली तर नाही म्हणू नका.

शिकायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी साडेआठला माझ्याकडे यावं. फी नाही. वही आणि पेन मात्र आणा. आणि येताना आजी-आजोबांनाही घेऊन या. आमच्या हॉलची खिडकी पूर्वेला आहे, उजेड चांगला येतो.