उन्हाळ्यातले आंबट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



उन्हाळ्यातल्या फळांवर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा आता हापूसचे पुराण ऐकावे लागणार असे पुष्कळजणींना वाटले असेल. हापूसला माझा नमस्कार आहे. कोकणच्या या राजाला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण पेटीचा भाव ऐकून आपल्यापैकी कितीतरी जणी हात हलवीत घरी परततात. त्यांना मला एवढेच सांगायचे आहे, की उन्हाळ्याची मोठी देणगी आंबट आहे. ती स्वस्त आहे, दारात आहे, आणि आपणां बायकांना तिची गरज सर्वांत जास्त आहे.

गरज कशी, ते सांगते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक! जिना चढताना धाप लागते, दुपारी अंग गळून जाते, आणि आपण म्हणतो, "उन्हाने होत असेल." प्रत्येक वेळी दोष उन्हाचाच असतो असे नाही.

रक्ताला लोह लागते. डाळींत, पालेभाज्यांत ते असते, पण वनस्पतींतले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर ते अधिक घेतले जाते, आणि कच्च्या कैरीत हे जीवनसत्त्व चांगले असते. आता चैत्रगौरीच्या हळदीकुंकवातली आंबेडाळ आठवा. भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ आणि तीत किसलेली कच्ची कैरी. डाळीतले लोह आणि कैरीतले आंबट एकाच वाटीत! आपल्या आज्यांनी जीवनसत्त्वाचे नावही ऐकले नसेल, पण चैत्रात डाळीची सोबतीण कोण हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपण मात्र ती हळदीकुंकवापुरतीच ठेवली आहे. कैरी तर मेअखेरपर्यंत बाजारात असते!

म्हणून रोजच्या स्वयंपाकातला एक साधा पाठ सांगते. तांबड्या माठाची किंवा चवळीची भाजी करा, ती खाली उतरवा, आणि मग पानात वाढताना वरून कैरीचा कीस घाला. शिजवल्याने क जीवनसत्त्व बरेच नाहीसे होते, म्हणून कैरी कच्चीच हवी. पन्हे जरूर प्या. ते तहान भागवते, घामावाटे गेलेले मीठही थोडेफार परत देते. पण त्यातली कैरी उकडलेली असते, तेव्हा कीस घालायचा तो घालाच. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. चहा लोहाच्या आड येतो. तासाभराने खुशाल घ्या. शिवाय कैरीचा आणखी एक गुण आहे. आंबे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी असूनही त्याची धास्ती दर वर्षी असते. कैरीला मुळी पिकवायचेच नसते!

हे सारे आंबट आपल्यापर्यंत आणते कोण? बोरिवली, मुलुंडच्या स्टेशनाबाहेर ठाणे-पालघरकडच्या पाड्यांवरून आलेल्या बाया बसतात. एप्रिलमध्ये त्यांच्या पाटीत लोणच्याची कच्ची करवंदे, मे महिन्यात पिकलेली करवंदे आणि जांभळे, आणि पहिल्या पावसाच्या सुमारास शेवळे असतात. शेवळे नुसतीच शिजवली तर घशाला खाज सुटते. म्हणून तीच बाई शेजारी काकडे ठेवते. ही हिरवी, आवळ्यासारखी आंबट फळे भाजीत घातली की खाज मोडते. इथेही आंबटच कामाला आले! हे ज्ञान त्या पाटीबरोबर येते. भाजी कशी करायची ते तिलाच विचारा, आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. आपण घ्यायचे थांबलो तर ती यायची थांबेल, आणि तिच्या मुलीला काकडाचे झाड दाखवण्याचे कारणच उरणार नाही.

एक सावधगिरीची सूचना. कैरी हे रक्तक्षयावरचे औषध नव्हे. थकवा राहत असेल तर रक्त तपासून घ्या, आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या सोडू नका. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी बेतानेच खावे.

मंडळाला माझी एक विनंती आहे. पुढच्या चैत्रात हळदीकुंकवाच्या दिवशी आंबेडाळीच्या वाटीबरोबरच सभासद भगिनींच्या रक्ततपासणीचीही सोय करावी. ओटी भरताना आपण एकमेकींना आयुष्य चिंतितो. ते आयुष्य धडधाकट असावे, याचीही काळजी आपणच घेऊ या.