बाकाबाईंनी न लिहिलेलं पुस्तक

(वसंत व्याख्यानमालेत नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पत्रिकेवर विषय छापला आहे तो ‘राजघराण्यातली आत्मचरित्रं आणि आपण वाचक’ असा. त्यामुळे मी एखादं पुस्तक हातात घेऊन बोलायला उभा राहीन, अशी तुमची अपेक्षा असेल. पुस्तकांकडे मी येणारच आहे. पण नागपुरात हा विषय पुस्तकापासून सुरू करता येत नाही. तो मारबतीपासून सुरू करावा लागतो.

पोळ्याचा दुसरा दिवस. घरोघरी पोरांचे लाकडी नंदीबैल सजलेले असतात आणि इतवारीकडे जाणाऱ्या गल्ल्यांमधून माणसांची रीघ लागलेली असते. मी वडिलांच्या खांद्यावर बसून काळी मारबत पहिल्यांदा पाहिली. बांबूच्या कामट्यांवर कागद चिकटवून केलेलं ते प्रचंड धूड माझ्या डोळ्यांसमोरून डुलत डुलत गेलं. खाली हजारो माणसं ओरडत होती, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ शेजारच्या एका बाईंनी कडेवरच्या तापकऱ्या लेकराचं डोकं मारबतीच्या दिशेनं वाकवलं. मी वडिलांना विचारलं, ही कोण? ते म्हणाले, ‘बाकाबाई. इंग्रजांना मिळाली होती.’ एवढंच. तेवढं उत्तर आपल्यातल्या बहुतेकांना मिळालं आहे आणि तेवढ्यावरच आपलं भागलं आहे.

काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. म्हणजे जवळपास दीडशे वर्षं हे शहर भोसल्यांच्या घरातल्या एका बाईला दरसाल मिरवतं, शिव्या घालतं आणि गावाबाहेर नेऊन जाळतं. मारबत बंद करा असं सांगायला मी आलेलो नाही. तो उत्सव माझाही आहे. पण घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली असं आपण म्हणतो ना, तसं या बाईंचं सगळं आयुष्यच चव्हाट्यावर आलं. आणि त्यात त्यांचा स्वतःचा एक शब्द नाही.

कोण होत्या बाकाबाई? दुसऱ्या रघूजींच्या राणी. रघूजी 1816 साली वारले. मुलगा परसोजी दुबळा. वर्षाच्या आत त्याचा खून झाला आणि घराण्यातलेच आप्पासाहेब गादीवर आले. नोव्हेंबर 1817 मध्ये इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली. तिथली टेकडी आपण रोज पाहतो. भोसले लढाई हरले, पुढच्या वर्षी आप्पासाहेबांचं राज्य गेलं आणि रघूजींच्या मुलीचा लहानगा मुलगा तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसवण्यात आला. वाड्याचा कारभार बाकाबाईंकडे आणि राज्याचा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सकडे, अशी वाटणी झाली. एका विधवेनं नातवाला वाढवायचं, आणि दाराशी इंग्रजांची फौज.

तो नातूही 11 डिसेंबर 1853 रोजी पोटी मुलगा नसताना गेला. डलहौसीनं 1854 मध्ये राज्य खालसा केलं. पुढचा प्रसंग इंग्रजांच्याच एका इतिहासकारानं, जॉन केनं, लिहून ठेवला आहे. राजाचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर मातीमोल भावानं लिलावात विकले. वाड्यातलं सामान हलवायला माणसं आली तेव्हा ऐंशीच्या घरातल्या बाकाबाई संतापून म्हणाल्या की, सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन. सामान हलवलं गेलंच. घराण्याचे दागिने कलकत्त्याच्या बाजारात गेले.

आता तीन वर्षं पुढे या. 1857. टाकळीच्या घोडदळातला उठावाचा बेत फसला आणि नागपूर शांत राहिलं. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये या शांततेचं मोठं श्रेय वृद्ध बाकाबाईंना दिलं आहे. त्यांनी आपलं सगळं वजन इंग्रजांच्या बाजूनं टाकलं, असं त्यात कौतुकानं म्हटलंय. पुढच्या वर्षी त्या वारल्या.

श्रोतेहो, वाडा पेटवायला निघालेली बाई तीन वर्षांत आपल्या माणसांना गप्प बसा म्हणून का सांगते? भीतीनं? आपली माणसं सीताबर्डीच्या टेकडीवर एकदा हरलेली तिनं पाहिली होती म्हणून? दत्तक मुलाला मान्यता मिळेल या आशेनं? त्या दत्तकाला, जानोजींना, इंग्रजांनी पुढे ‘राजाबहादूर ऑफ देऊर’ केलं खरं. की तिला खरोखरच इंग्रज बरे वाटत होते? मला कळत नाही, आणि कळायला मार्ग नाही, कारण तिनं लिहिलं नाही. तिला शत्रूनं दिलेलं प्रशस्तिपत्र आहे आणि आपण दिलेली शिवी आहे. दोन्ही एकाच कृत्याबद्दल आहेत, आणि दोन्ही इतरांनी लिहिलेली आहेत.

आता जिनं लिहिलं तिच्याकडे येऊ.

ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांचा जन्म 12 ऑक्टोबर 1919 रोजी सागरला झाला. त्या वेळी सागर आपल्या मध्य प्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी नागपूर. वडील डेप्युटी कलेक्टर, आई नेपाळच्या राणा घराण्यातली. आईचं छत्र जन्मतःच हरपलं आणि आजीनं सांभाळ केला. 21 फेब्रुवारी 1941 रोजी जिवाजीराव शिंद्यांशी लग्न झालं, तेही मराठा सरदारांची नाराजी अंगावर घेऊन, कारण मुलगी मराठा नव्हती. मराठी घरात येऊन त्या मराठी झाल्या. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी वैधव्य आलं. 1967 साली त्यांनी मध्य प्रदेशातलं द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पाडलं. आणीबाणीत तिहारमध्ये गेल्या. आणि 1985 मध्ये मनोहर माळगांवकरांच्या मदतीनं त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र लंडनहून निघालं, ‘प्रिन्सेस’.

एका वाचनालयातली या पुस्तकाची प्रत मी पाहिली आहे. पुस्तक मिटून कडेनं पाहिलं तर वाचकांची बोटं कुठे थांबली ते कळतं. सागरच्या बालपणाची पानं पांढरीशुभ्र. लग्नाची पानं जरा मळलेली. आणि मुलाशी झालेल्या दुराव्याची पानं काळी पडलेली, कोपरे दुमडलेले, एका पानाला हळदीचा डाग. मुलगा माधवराव जनसंघ सोडून काँग्रेसकडे गेले, 1984 साली ग्वाल्हेरमध्ये त्यांनी वाजपेयींना हरवलं, हे सगळ्या देशाला माहीत होतं. आईनं स्वतः त्याबद्दल काय लिहिलंय, एवढंच लोकांना हवं होतं. ग्वाल्हेरच्या मायलेकांचं भांडण हा तेव्हा चहाच्या टपरीवरचा विषय होता. आई नसलेल्या घरात वाढलेली मुलगी, परक्या भाषेच्या सासरी आलेली सून, तुरुंगात कोठडीचा वास सहन करणारी राणी यांच्याबद्दल कुणी बोलताना मी ऐकलं नाही.

तिहारवरून एक आठवलं, ते सांगून टाकतो. त्याच तुरुंगात जयपूरच्या गायत्रीदेवी होत्या. त्यांचं आत्मचरित्र 1976 चं. गायत्रीदेवींच्या आई म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी, इंदिराराजे. या इंदिराराजेंचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. त्यांनी स्वतः पत्र लिहून ते मोडलं आणि कूचबिहारच्या जितेंद्रांशी लग्न केलं. हे थोरले माधवराव म्हणजे विजयाराजेंचे सासरे. ग्वाल्हेर नाकारणाऱ्या बाईची मुलगी आणि ग्वाल्हेर स्वीकारलेली सून, दोघी एका तुरुंगात. दोघींनीही लिहिलं म्हणून आज हे दोन धागे आपल्याला जोडता येतात. 

भांडणाचीच पानं शोधायची ही खोड आपल्यापुरती नाही. इंग्लंडच्या राजपुत्र हॅरीचं आत्मचरित्र ‘स्पेअर’ 10 जानेवारी 2023 रोजी बाजारात आलं आणि इंग्लंड, अमेरिका, कॅनडा मिळून पहिल्याच दिवशी 14 लाखांवर प्रती गेल्या. लोकांनी काय वाचलं? भावानं धक्काबुक्की केली ते पान, अफगाणिस्तानात किती माणसं मारली तो आकडा. बाराव्या वर्षी आईच्या शवपेटीमागून लोकांच्या गर्दीतून चालत गेलेलं ते पोर बाजूला राहिलं. आपल्याकडेही घरोघरी मत होतं, ‘घरचं बाहेर सांगायची काय गरज होती?’

हा प्रश्न आपण राजघराण्यांनाच विचारतो असं नाही. 1990 साली सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं तेव्हा त्यांच्या पतीवर, पुलंवर, प्रेम करणारे कित्येक जण दुखावले. ते प्रेम खरं होतं. पण त्या पुस्तकात एक बाई स्वतःच्या आयुष्याचा हिशोब मांडत होती आणि आपण तिच्या वहीत दुसऱ्याच्या नावाचं खातं शोधत होतो. सांगायची काय गरज होती, असं विचारणारा माणूस ते पान पुन्हा काढून वाचतो, हेही मी पाहिलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या या वाचनाला किंमत आहे आणि ती पुढची माणसं मोजतात. आपलं दुखणं उघड केल्यावर गावात काय होतं, हे पाहिलेली बाई लिहायला बसत नाही. ती कागद चुलीत घालते. मग तिच्याबद्दल जे उरतं ते दरबारी कागदपत्रांत उरतं, नाही तर मिरवणुकीत.

आणि म्हणून आज महालातल्या, इतवारीतल्या, सक्करदऱ्याच्या मंडळींना एक विनंती करतो. तुमच्यापैकी काहींच्या घरी भोसल्यांच्या चाकरीतले पूर्वज होते, कारकून, पुराणिक, वैद्य. माळ्यावर लाल फडक्यात बांधलेली मोडी दफ्तरं आहेत. वाळवी लागली म्हणून दर पावसाळ्यात त्यातली एखादी फेकली जाते. ती फेकू नका. मोडी वाचणारी माणसं या शहरात अजून आहेत. खर्चाच्या एखाद्या यादीत, औषधाच्या एखाद्या चिठ्ठीत, 1857 च्या जूनमध्ये वाड्यातून कुणाला काय निरोप गेला ते असेल. नसेलही.  पण पुढचा पोळा येईपर्यंत एक दफ्तर तरी उघडून बघा.