मुलीची शाळा, आईचे प्राण



बाळंतपणात आई दगावली की आपण ‘नशीब’ म्हणून गप्प बसतो. पण बांगलादेशाचा अनुभव पाहा. तेथे दर लाख जिवंत जन्मांमागे २००१ साली ३२२ माता दगावत. २०१० साली हे प्रमाण १९४ वर आले.

१९९४ पासून तेथील खेड्यांतील मुलींना माध्यमिक शाळेसाठी शिष्यवृत्ती मिळू लागली होती. शिकलेल्या मुली बाळंतपणासाठी इस्पितळात अधिक जाऊ लागल्या. २०१६ च्या पाहणीत मात्र घट थांबलेली दिसली. इस्पितळ गाठले तरी उपचार चांगले हवेत.

तेव्हा पालकहो, आठवीतून मुलीचे नाव काढू नका. रक्तस्राव, झटके ही धोक्याची लक्षणे ओळखून ‘इस्पितळात चला’ असे ठामपणे सांगणारी सून शाळेतच घडते.