इलेक्ट्रॉन आणि रेणूची गिरकी

ताऱ्यांमधल्या विरळ ढगांत सीएच-प्लस नावाचा रेणू-आयन असतो. कार्बन आणि हायड्रोजनचा एकेक अणू, त्यावर धन प्रभार. १९४१ मध्ये त्याची ओळख पटली. तो भोवऱ्यासारखा गरगरतो, पण त्याच्या गिरकीला ठरावीक पायऱ्या असतात. अधलामधला वेग नाहीच.

जर्मनीत हायडेलबर्गच्या मॅक्स प्लँक संस्थेत ३५ मीटर परिघाचं, उणे २६० अंश सेल्सिअसहून थंड असं, आयनांना फिरवत ठेवणारं साठवण-कडं आहे. तिथे या आयनांसोबत त्यांच्याच वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन सोडले. इलेक्ट्रॉन धडकतो, गिरकीतली ऊर्जा घेऊन निघून जातो आणि आयन एक पायरी खाली उतरतो, म्हणजेच निवतो. किती सुंदर देवघेव! नुसत्या प्रारणाने आयन निवतात त्याहून हे लवकर घडतं, असं लेझरने तपासल्यावर दिसलं. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.