सहलीला जाऊ, पण पायऱ्या किती?
(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ सभासद मेळाव्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जिने दोन-दोन पायऱ्या सोडून चढत होतो. आज सहलीचा विषय निघाला की निम्मी मंडळी म्हणतात, "तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळतो." त्या वाक्यावर मला आज बोलायचं आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना घर सांभाळायची हौस नसते. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा नको, एवढंच असतं.

आमचे थोरले बंधू, वय 81. दोन्ही गुडघे गेलेले, वॉकर घेऊन चालतात. गेल्या वर्षी मुलांनी अष्टविनायक ठरवलं. हेतू चांगलाच. पण मी बँकेत कर्जप्रकरणं पाहिलेला माणूस. अर्जदाराला भेटल्याशिवाय सही करत नाही. म्हटलं, दादांना कुणी विचारलंय का? विचारलं, तर म्हणाले, "देव सगळीकडं आहे रे. मला एकदा समुद्र बघायचाय, निवांत बसून." सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली. सुट्टीचे दिवस म्हणजे गळिताचा हंगाम. समुद्र राहूनच गेला होता.

अष्टविनायकाला माझा विरोध नाही. ओझर, रांजणगाव, थेऊर सपाटीवर आहेत, आपलं मोरगाव तर घरचंच. अडतं ते लेण्याद्रीला. सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. डोली मिळते, पण दादांना डोलीत बसायचा संकोच. चार माणसांनी आपल्याला उचलायचं, ही कल्पनाच त्यांना नको होती. हा संकोच खरा असतो, तो हसण्यावारी नेऊ नये.

रोपवे आहे म्हटलं की आपण निर्धास्त होतो. रायगडचा रोपवे 1996 पासून चालू आहे, मोठी सोय झाली. पण तो चढण वाचवतो, गडावरचं चालणं वाचवत नाही. वरच्या स्थानकापासून समाधीपर्यंत बरंच अंतर आहे, पायऱ्या आहेत, जमीन उंचसखल आहे. सप्तशृंगीला 2018 पासून ट्रॉली आहे, तिथेही उतरल्यावर पुढे काय, ते आधी विचारावं. एसटीचंही तसंच. पंचाहत्तरीनंतर 2022 पासून प्रवास मोफत आहे, पण गाडीची पहिली पायरी होती तेवढीच उंच आहे.

आम्ही गणपतीपुळे ठरवलं. मंदिर किनाऱ्यालाच लागून आहे, आवारात बसलं की समोर समुद्र. डोंगराची प्रदक्षिणा साधारण किलोमीटरभर, ती बाकीच्यांनी घातली. प्रवास एका दिवसात रेटला नाही. कऱ्हाडला मुक्काम, दुसऱ्या दिवशी आंबा घाट. दर दीड तासाला गाडी थांबवायची, लघवीची निकड असो वा नसो. हे स्पष्ट बोललेलं बरं, कारण म्हातारी माणसं त्या धास्तीनं पाणीच पीत नाहीत.

खोली ठरवताना "ज्येष्ठांसाठी सोय आहे का?" असं विचारू नका. "आहे" हेच उत्तर येतं. एका ठिकाणी "तळमजला आहे" म्हणून सांगितलं. फोटो मागवला तर दाराशी सात पायऱ्या, कठडा नाही! म्हणून मोजून विचारा. गाडीपासून पलंगापर्यंत पायऱ्या किती? कमोड आहे का, त्याच्याजवळ धरायला काही आहे का? न्हाणीघराचं दार किती इंच? व्हीलचेअर साधारण 25-26 इंच रुंद असते, दार चोवीस इंची निघालं की खुर्ची बाहेर आणि माणूस आत. व्हॉट्सॲपवर फोटो मागा. देत नसतील तर दुसरीकडे बघा.

वाळूत व्हीलचेअर रुतते. नातवानं प्लॅस्टिकची खुर्ची ओहोटीच्या घट्ट वाळूवर नेऊन ठेवली. दादा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून गेले आणि पावणेदोन तास बसले. कुणाशी बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "उद्या परत."

इतकं लांब जमत नसेल तर सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे. थंडीत सकाळी जावं, गाडीतूनच चिंकारा दिसतात, येताना मोरगाव करावं. दुपारी जेवायला घरी. भिगवणच्या पाणपक्ष्यांचं नाव मोठं आहे, पण होडीत चढणं-उतरणं गुडघ्यांना झेपेल का, ते पाहूनच ठरवा.

आता अध्यक्षसाहेब समोरच बसलेत म्हणून एक विनंती. कऱ्हाडपर्यंत जाणं सोपं होतं, सोसायटीच्या दारातल्या चार पायऱ्या उतरायला दादांना दहा मिनिटं लागली. तिथे एका बाजूला उतार आणि लोखंडी कठडा करून मिळाला, तर खर्चाचा अंदाज मी काढून ठेवला आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.

आणि दादांची घडीची व्हीलचेअर आमच्याकडेच आहे. सहलीला लागली तर न्या, भाडं वगैरे काही नाही. फक्त तिचा डावा ब्रेक थोडा सैल आहे, तेवढा नेण्याआधी आवळून घ्या.